सुरतचा हिवाळा आणि रस्त्याचे काम : डांबरी व काँक्रीट रस्त्यांच्या बांधणीचा आणि देखभालीचा विचार

प्रस्तावना

सुरत शहरात रस्ते उखडलेले दिसतात ते जुलै-ऑगस्टमध्ये. त्या वेळी सारा दोष पावसाच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात यांतील बरेच दोष आधीच्या हिवाळ्यात, रस्ता तयार होत असतानाच, त्याच्या अंगात शिरलेले असतात. पाऊस ते केवळ उघडे पाडतो. त्यामुळे बांधकाम व रस्तेकामाचे अभ्यासक्रम शिकविणाऱ्या कम्युनिटी कॉलेजच्या शिक्षकांनी ‘हिवाळ्यातील काम’ हा स्वतंत्र पाठ म्हणून हाताळणे आवश्यक ठरते.

या पाठाची एक अडचण आहे. पुस्तकांतून येणारे हिवाळी रस्तेकामाचे धडे बहुतांशी थंड देशांच्या अनुभवावर आधारलेले असतात. तेथे मातीतले पाणी गोठते, फुगते आणि रस्ता खालून उचलला जातो. बर्फ वितळविण्यासाठी टाकलेल्या मिठाने काँक्रीटचा पृष्ठभाग सोलवटतो. सुरतेत पाणी गोठत नाही. जानेवारीत येथील सरासरी किमान तापमान सुमारे १५ अंश सेल्सिअस आणि कमाल सुमारे ३० अंश असते. हा धडा वाचून विद्यार्थी साहजिकच असा निष्कर्ष काढतो की, आपल्याकडे हिवाळ्याची काही अडचणच नाही. हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे. सुरतच्या हिवाळ्याच्या स्वतःच्या अडचणी आहेत : पहाटेचे दव, मिश्रण लवकर थंड होणे, दुपारचा कोरडा वारा आणि दिवस-रात्रीच्या तापमानातील मोठा फरक. प्रस्तुत लेखात या चार गोष्टींचा डांबरी व काँक्रीट रस्त्यांच्या संदर्भात विचार केला आहे.

१. कामाचा हंगाम

लडाख किंवा हिमाचलच्या उंच भागात रस्त्याचे काम उन्हाळ्यात चालते आणि हिवाळ्यात थांबते. सुरतेत याच्या उलट आहे. येथे वर्षाला सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ऑक्टोबरात जमीन ओलीच असते. खऱ्या अर्थाने काम सुरू होते ते दिवाळीनंतर. रस्त्यावर राबणारे बरेच मजूर दाहोद, पंचमहाल, झाबुआ या आदिवासी पट्ट्यांतून येतात. होळीला ते गावी परततात. म्हणजे दिवाळी ते होळी हाच कामाचा भर असतो आणि नवे रस्ते, पॅचवर्क, गटारे, केबल व नळांसाठीचे खोदकाम हे सर्व याच काळात उरकले जाते. घाई हा या हंगामाचा स्थायीभाव होय, आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक चुकांचे मूळ या घाईत आहे.

शेजारच्या प्रदेशाशी तुलना केल्यास विषय अधिक स्पष्ट होतो. सुरतेहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ नवापूरवरून धुळ्याकडे जातो. याच टापूत, नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या डाब परिसरात, कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. नाशिक जिल्ह्यातील निफाडला थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांखाली गेल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे सुरतेत शिकून खानदेशात किंवा नाशकात कामाला जाणाऱ्या विद्यार्थ्याला ‘आपल्याकडे असे होत नाही’ एवढे सांगून भागत नाही. त्याला तापमानाची मर्यादा आणि तिच्यामागचे कारण दोन्ही माहीत हवे.

येथे भाषेचाही एक मुद्दा येतो. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांतील मराठी विद्यार्थी वर्गात खडी, गोणपाट, दव हे शब्द शिकतो आणि साइटवर त्याच्या कानावर कपची, कंतान, झाकळ हे गुजराती शब्द पडतात. शिक्षकाने दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. मुकादमाची सूचना न समजल्याने झालेली चूकसुद्धा रस्त्यातच गाडली जाते.

२. खालची जमीन

सुरत परिसरात काळी चिकणमाती मोठ्या प्रमाणावर आढळते. पाणी मिळाले की ती फुगते, वाळली की आकसते. पावसाळ्यानंतर ती वरून कोरडी दिसते, पण हातभर खाली ओलावा टिकून असतो. नोव्हेंबरात घाईने त्यावर मुरूम आणि खडी पसरली तर रोलर फिरताना जमीन खालून लवते. हे लवणे डोळ्यांना दिसते. रोलरच्या चाकापुढे मातीची लाट उठते. अशा जागी माती उकरून वाळविणे, चुना मिसळून तिचे गुण सुधारणे किंवा ती काढून त्या जागी चांगला मुरूम भरणे हे तीन मार्ग आहेत. चुन्याची मातीशी होणारी प्रक्रिया थंडीत मंदावते, म्हणून वरचा थर टाकण्यापूर्वी तिला पुरेसे दिवस द्यावे लागतात.

हिवाळा सरत येतो तशी ही माती कडेकडून वाळू लागते. रस्त्याखालची माती झाकलेली असल्याने ओलसर राहते आणि साइडपट्टीखालची आकसते. या फरकामुळे रस्त्याच्या कडेपासून थोड्या आत लांबच लांब उभी भेग पडते. अशी भेग दिसली की विद्यार्थी ती वाहनांच्या भारामुळे पडली असे लिहितो. ती भारामुळे पडलेली नसून मातीच्या आकसण्याने पडलेली आहे, हे ओळखता येणे महत्त्वाचे आहे, कारण दोन्हींचे उपाय निराळे आहेत. साइडपट्टी मुरमाने नीट भरून दाबणे आणि पाणी कडेला साचू न देणे हा येथील पहिला उपाय होय.

पायाच्या थरांसाठी नेहमीच्या खडीखेरीज दुसरे साहित्यही वापरता येते. सुरतजवळ हजीरा येथे २०२२ मध्ये पोलाद कारखान्यातील प्रक्रिया केलेली मळी, म्हणजे स्टील स्लॅग, वापरून सहापदरी रस्ता तयार झाला. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचे तांत्रिक मार्गदर्शन त्याला होते. ‘प्रक्रिया केलेली’ हा शब्द येथे मोलाचा आहे. कच्च्या मळीत मोकळा चुना असू शकतो आणि ओलावा मिळाल्यावर तो फुगतो. साहित्य कोणतेही असो, पाण्याशी त्याचे वागणे कसे आहे हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

३. डांबरी रस्ता : तापमान आणि वेळ

बोलीभाषेत ज्याला आपण ‘डांबर’ म्हणतो ते रस्तेकामात बिटुमेन असते. बिटुमेन, खडी, कच आणि बारीक भुकटी यांचे गरम मिश्रण म्हणजे डांबरी काँक्रीट. गरम असताना बिटुमेन पातळ असते आणि खडीचे दाणे रोलरखाली सरकून एकमेकांत बसतात. थंड झाल्यावर ते घट्ट होते आणि दाण्यांना आहे त्या जागी पकडून ठेवते. म्हणून रोलर फिरविण्यासाठी मिळणारा वेळ हा मिश्रणाच्या तापमानावर ठरतो, मनुष्यबळावर किंवा मुकादमाच्या आवाजावर नव्हे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशन्सच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत यासाठी आकडे दिले आहेत. व्हीजी-३० या प्रतीच्या बिटुमेनचे मिश्रण तयार होताना १५० ते १६५ अंश असावे. रस्त्यावर पसरताना ते किमान १४० अंश आणि रोलिंग पूर्ण होताना किमान ९० अंश असावे. व्हीजी-४० साठी पसरताना किमान १५० आणि रोलिंगसाठी किमान १०० अंश लागतात. येथे सुरतची एक विशेष अडचण दिसून येते. मे महिन्याच्या उन्हात आणि जड ट्रकांखाली रस्ता दबू नये म्हणून अधिक घट्ट प्रतीचे बिटुमेन निवडले जाते. ही निवड उन्हाळ्यासाठी योग्य असते, परंतु तेच बिटुमेन जानेवारीच्या सकाळी लवकर आखडते. उन्हाळ्याच्या सोयीसाठी केलेली निवड हिवाळ्यात रोलर चालविणाऱ्याचा वेळ कमी करते.

थराची जाडी हा दुसरा घटक आहे. पातळ थरातील उष्णता वरून हवेत आणि खालून जुन्या रस्त्यात वेगाने निघून जाते. जाडी निम्मी केली तर मिळणारा वेळ निम्म्याहून बराच कमी होतो. ५० मिलिमीटरच्या थरासाठी बसविलेली कामाची लय २५ मिलिमीटरच्या थरावर तशीच ठेवली, तर रोलर पोहोचेपर्यंत मिश्रण कडक झालेले असते. वारा असेल तर हा वेळ आणखी घटतो.

पुरेसे न दाबलेल्या थरात हवेच्या पोकळ्या जास्त राहतात. चांगल्या डांबरी काँक्रीटच्या मिश्रणाची रचना ३ ते ५ टक्के पोकळी धरून केलेली असते. रस्त्यावर हे प्रमाण ८ टक्क्यांच्या वर राहिले, तर पोकळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि पाणी आत शिरण्यास वाट मिळते. जुलैत चाकांच्या दाबाखाली हे पाणी आत-बाहेर होते, खडीवरचे बिटुमेन सोडविते आणि खडी मोकळी होते. वरून पाहणाऱ्यास रस्ता जानेवारीत काळाभोर व गुळगुळीत दिसतो. पोकळी डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तापमापक लागतो.

साइटवर दोन चुका वारंवार घडतात. पहिली, डंपरवरची ताडपत्री नीट न बांधणे. वाऱ्याने मिश्रणावर थंड पापुद्रा धरतो. मग पेव्हरमधून गार गोळे बाहेर पडतात आणि त्या जागा कधीच नीट दबत नाहीत. म्हणून तापमान केवळ पृष्ठभागावर न मोजता कांडीचा तापमापक मिश्रणाच्या आत खुपसून मोजावे. दुसरी चूक, थंडी आहे म्हणून प्लांटवरच बिटुमेन जास्त तापविणे. मर्यादेपलीकडे तापविलेले बिटुमेन ठिसूळ होते. मिश्रणातून निळसर धूर निघू लागला की ही खूण ओळखावी. त्यापेक्षा अंतर कमी करणे, रोलर पेव्हरच्या लगेच मागे ठेवणे आणि काम दुपारच्या उबदार वेळेत आणणे हे उपाय सरस ठरतात. कमी तापमानालाही दाबता येणारे ‘वॉर्म मिक्स’ हाही एक पर्याय असून इंडियन रोड्स काँग्रेसने त्यासाठी २०१४ मध्ये मार्गदर्शिका प्रसिद्ध केली.

काम थांबविण्याच्या मर्यादाही याच स्पेसिफिकेशन्समध्ये आहेत. साध्या बिटुमेनच्या मिश्रणासाठी १० अंशांखाली आणि मॉडिफाइड बिटुमेनसाठी १५ अंशांखाली काम करू नये. धुके, पाऊस किंवा ओला पृष्ठभाग असताना, तसेच वाऱ्याचा वेग ताशी ४० किलोमीटरहून अधिक असताना काम थांबवावे. यांपैकी १० अंशांची मर्यादा सुरतेत क्वचितच लागू होते. १५ अंशांची मर्यादा मात्र जानेवारीच्या कित्येक सकाळी लागू होते, आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते.

४. दव : न दिसणारे पाणी

तापीकाठच्या आणि खाडीलगतच्या भागांत हिवाळ्याच्या पहाटे दव पडते. रस्ता रात्री उघड्या आकाशाखाली थंड होतो आणि हवेतील बाष्प त्यावर जमते. काळ्या रस्त्यावर हा ओलावा सहजी दिसत नाही. सकाळी सातला त्यावर टॅक कोट मारला तर तो जुन्या थराला चिकटत नाही. गरम मिश्रण वर पडताच ओलाव्याची वाफ होते आणि दोन थरांमध्ये पापुद्रा राहतो. पुढे ब्रेक लावणाऱ्या बसच्या चाकाखाली वरचा थर सरकतो आणि चंद्रकोरीच्या आकाराच्या भेगा पडतात.

टॅक कोटसाठी इमल्शन वापरतात. फवारल्यावर ते तपकिरी दिसते आणि त्यातील पाणी सुटून गेल्यावर काळे होते. तपकिरीचे काळे होईपर्यंत वर मिश्रण टाकावयाचे नाही, एवढा एक नियम पाळला तरी मोठे काम होते. उन्हाळ्यात हा रंग लवकर बदलतो, थंडीत त्यास जास्त वेळ लागतो. डांबरी पृष्ठभागावर टॅक कोटचे प्रमाण चौरस मीटरला ०.२० ते ०.३० किलो असते. साडेतीन मीटर रुंद व १०० मीटर लांब पट्ट्याचे क्षेत्रफळ ३५० चौरस मीटर होते. त्यास ०.२५ किलोप्रमाणे ८७.५ किलो इमल्शन लागते. हे गणित विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास, दोन बादल्या शिंपडून उरकलेला टॅक कोट किती अपुरा आहे, हे त्यांच्या आपोआप ध्यानात येते.

५. काँक्रीट रस्ता : कोरडा वारा

काँक्रीटसाठी सुरतचा हिवाळा अनुकूल मानला जातो आणि ते बव्हंशी खरे आहे. साइटवर पोहोचलेल्या मिश्रणाचे तापमान ३० अंशांच्या आत ठेवण्यासाठी उन्हाळ्यात बर्फ किंवा थंड पाणी लागते. हिवाळ्यात ते सहज साधते. भारतीय मानक आयएस ७८६१ च्या दुसऱ्या भागात (१९८१) ५ अंश किंवा त्याखालील तापमानातील कामाला ‘थंड हवामानातील काम’ म्हटले आहे. सुरतेत ती वेळ येत नाही.

मात्र हिवाळ्यात माणसाचे ओठ फुटतात, टाचा भेगाळतात. ताज्या काँक्रीटचीही तीच गत होते. उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्यात बाष्प कमी असते. ताज्या काँक्रीटमधील पाणी किती वेगाने उडून जाईल हे केवळ उन्हावर ठरत नाही. हवेतील दमटपणा, वाऱ्याचा वेग आणि काँक्रीट व हवा यांच्या तापमानातील फरक यांवर ते ठरते. सिमेंटच्या प्रक्रियेत उष्णता निर्माण होत असल्याने संध्याकाळी काँक्रीट हवेपेक्षा उबदार असते, आणि नेमक्या त्याच वेळी मजूर ‘ऊन गेले, आता पाण्याची गरज नाही’ असे समजून निघून जातात. चौरस मीटरमागे तासाला एक किलोच्या आसपास पाणी उडू लागले की पृष्ठभागावर बारीक भेगा पडण्याचा धोका असतो. साडेतीन बाय साडेचार मीटरच्या एका पॅनेलसाठी हे पाणी तासाला सुमारे १६ लिटर होते. एक बादलीभर पाणी दर तासाला गुपचूप निघून जाते, असे सांगितल्यास विद्यार्थ्यांना ते पटकन समजते.

यावर उपाय दोन टप्प्यांत करावा. फिनिशिंग होताच क्युरिंग कंपाउंड फवारावे किंवा पृष्ठभाग झाकावा. काँक्रीट पुरेसे घट्ट झाल्यावर ओले गोणपाट अंथरून ते सतत ओले ठेवावे. दिवसातून दोनदा पाइपने पाणी मारणे म्हणजे क्युरिंग नव्हे. मधल्या काळात गोणपाट वाळले तर पृष्ठभाग आलटून-पालटून ओला व कोरडा होतो आणि भेगांना आमंत्रण मिळते. आयएस ४५६ : २००० या मानकात साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस आणि फ्लाय अ‍ॅशसारखे घटक असलेल्या सिमेंटसाठी किमान १० दिवस क्युरिंग सांगितले आहे. रस्त्याच्या कामात १४ दिवसांचा नियम पाळला जातो. फ्लाय अ‍ॅश असलेल्या सिमेंटला ताकद सावकाश येते आणि थंड रात्रींत आणखी सावकाश. म्हणून उन्हाळ्यातील अनुभवावरून ‘सात दिवसांत रस्ता खुला’ असा हिशेब हिवाळ्यात करू नये. २८ दिवसांची वाट पाहावी किंवा त्याच जागी, त्याच हवेत ठेवलेल्या क्यूबची ताकद तपासून निर्णय घ्यावा.

६. सांधे आणि रात्र

काँक्रीट थंड झाले की आकसते. एक अंश तापमान उतरल्यास एक मीटर काँक्रीट सुमारे ०.०१ मिलिमीटरने आखूड होते. सुरतेत हिवाळ्यात दिवस-रात्रीत १५ अंशांचा फरक नेहमीचा आहे. साडेचार मीटरच्या पॅनेलमध्ये हे आकसणे सुमारे ०.६८ मिलिमीटर होते, तर ३० मीटरच्या अखंड पट्टीत ते ४.५ मिलिमीटर होते. आखूड होऊ पाहणाऱ्या पट्टीला खालचा थर धरून ठेवतो आणि पट्टी कोठेतरी तुटते. ती आपल्याला हवी तेथे तुटावी म्हणून सांधे कापतात. कापाची खोली स्लॅबच्या जाडीच्या पाव ते एक-तृतीयांश ठेवतात.

सांधा केव्हा कापावा, हा कौशल्याचा प्रश्न आहे. फार लवकर कापला तर कडा झडतात, उशीर झाला तर भेग आधीच पडलेली असते. थंडीत काँक्रीट सावकाश घट्ट होते, त्यामुळे कापण्याची वेळ पुढे सरकते. दुपारी टाकलेल्या काँक्रीटची ही वेळ रात्री उशिरा येते आणि पहाटेपर्यंत तापमान सर्वांत खाली जाते. ‘सकाळी येऊन कापू’ या एका वाक्याने अनेक पॅनेल वाया गेलेली आहेत. तासांचा ठरलेला आकडा पाठ करून उपयोग नाही. कडेला एक छोटा काप घेऊन कडा झडतात का ते पाहावे आणि झडणे थांबताच काम सुरू करावे. याचा अर्थ कटर, त्याचा चालक, दिवे व पाणी रात्रीसाठी तयार हवेत.

७. देखभालीचा काळ

पावसाळ्याने उघडे केलेले दोष दुरुस्त करण्याचा काळही हिवाळाच होय. ऑक्टोबरात पाहणी करून प्रत्येक दोषाची जागा, आकार व कारण नोंदवावे. भेगा भरण्यास थंडीचे दिवस योग्य, कारण त्या वेळी भेग पुरेशी उघडलेली असते. भेग आधी हवेच्या दाबाने स्वच्छ व कोरडी करावी. काँक्रीटच्या सांध्यात मसाला काठोकाठ न भरता पृष्ठभागाच्या किंचित खाली ठेवावा. मे महिन्यात स्लॅब फुगून सांधा अरुंद होतो. काठोकाठ भरलेला मसाला तेव्हा वर येतो आणि चाकांबरोबर उचकटून जातो.

खड्डा बुजविण्याची पद्धत साधी आहे, पण तिच्या पायऱ्या गाळल्या जातात. खड्ड्याभोवतीचा कमकुवत भाग सरळ उभ्या कडांनी चौकोनी कापावा. सुटे साहित्य काढावे, तळ कोरडा करावा, तळाला व चारही कडांना टॅक कोट लावावा. मिश्रण थराथराने भरून कडांकडून मध्याकडे दाबावे. खड्ड्यापुरते थोडे मिश्रण मोठ्या थरापेक्षा फार लवकर थंड होते, म्हणून ते झाकून आणावे आणि एकामागून एक खड्डे आधीच कापून तयार ठेवावेत. पाणी का साचले, हे शोधल्याशिवाय बुजविलेला खड्डा त्याच जागी परत येतो. रस्त्याचा आडवा उतार साधारणतः मीटरला २० ते २५ मिलिमीटर असावा. जाळ्या व गटारे जूनमध्ये घाईने साफ करण्याऐवजी हिवाळ्यात साफ करून उतार तपासावा. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला होता. त्या प्रमाणाचा पूर गटारांनी थोपणार नाही. मात्र दरवर्षीच्या पावसाचे पाणी वेळेत निघून गेले, तर रस्त्याचे आयुष्य निश्चित वाढते.

नळ, गॅस व केबलसाठी खोदलेले चरही हिवाळ्यातले. चर एका दमात भरून वर डांबर ओतले तर तो जुलैत खचतो. भराव पातळ थरांत, योग्य ओलाव्यावर दाबत आणला पाहिजे.

८. काम करणारी माणसे

१९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास सुरत जिल्ह्यात कोसंबाजवळ, किम-मांडवी रस्त्याच्या कडेला झोपलेल्या स्थलांतरित मजुरांच्या अंगावर ट्रक गेला. १५ जणांचा मृत्यू झाला. मृतांपैकी बहुतेक राजस्थानातील बांसवाडा जिल्ह्यातले होते. कामाच्या हंगामात घरापासून दूर आलेली माणसे रस्त्यालगतच झोपतात, हे त्या रात्री साऱ्या देशाला दिसले. रस्तेकामाच्या अभ्यासक्रमात सुरक्षिततेचा पाठ शेवटच्या पानावर न ठेवता पहिल्या आठवड्यात घेतला पाहिजे. मजुरांच्या मुक्कामाची जागा रस्त्यापासून दूर आणि अडथळ्याआड हवी. रात्रीच्या कामाला दिवे, परावर्तक जाकिटे आणि वाहतूक वळविणारा माणूस हवा.

थंडीत ऊब मिळावी म्हणून डांबराच्या पिंपाजवळ टायर किंवा प्लॅस्टिक जाळले जाते. त्यातून आग लागू शकते व धूर विषारी असतो. गरम बिटुमेन अंगावर उडाल्यास तो भाग किमान २० मिनिटे थंड पाण्याखाली धरावा. त्वचेला चिकटलेले बिटुमेन ओढून काढू नये आणि जखमीला दवाखान्यात न्यावे. ओल्या सिमेंटनेही त्वचा भाजते, त्यासाठी रबरी हातमोजे व बूट हवेत. हे विद्यार्थ्याला तोंडपाठ हवे, कारण अपघाताच्या वेळी पुस्तक हाताशी नसते.

९. वर्गातील प्रात्यक्षिके

महागड्या यंत्रांशिवाय हा पाठ शिकविता येतो. पहिले प्रात्यक्षिक थंड होण्याचे. दोन पत्र्याच्या ट्रेमध्ये तापविलेली वाळू एकीत २५ व दुसरीत ५० मिलिमीटर जाडीने पसरावी आणि दर दोन मिनिटांनी तापमान लिहावे. हेच पंख्याच्या वाऱ्यात पुन्हा करावे. आलेख काढल्यावर जाडी व वारा यांचा परिणाम आपोआप दिसतो. दुसरे प्रात्यक्षिक क्युरिंगचे. एकाच मिश्रणाचे क्यूब करून काही पाण्यात, काही ओल्या गोणपाटात व काही गच्चीवर उघडे ठेवावेत आणि ७ व २८ दिवसांनी तपासावेत. तिसरे दवाचे. पत्र्याचा तुकडा रात्री मैदानात ठेवून तो सकाळी किती वाजता कोरडा होतो, याची महिनाभर नोंद ठेवावी. आपल्या भागात डांबराचे काम किती वाजता सुरू करावे, याचे उत्तर त्या नोंदीतून मिळते.

चौथे काम नोंदवहीचे. परवानगी घेऊन एखाद्या साइटवर विद्यार्थ्यांनी तारीख, वेळ, हवेचे तापमान, डंपर आला तेव्हाचे मिश्रणाचे तापमान, पहिल्या व शेवटच्या रोलिंगची वेळ आणि जागेची खूण लिहावी. त्याच जागेवर जुलैत पुन्हा जावे आणि रस्ता कसा आहे ते त्याच पानावर नोंदवावे.

समारोप

सुरतच्या हिवाळ्यात बर्फ पडत नाही, म्हणून येथे हिवाळी रस्तेकामाचे शिक्षण अनावश्यक ठरत नाही. उलट वर्षातील बहुतेक काम याच चार-पाच महिन्यांत होत असल्याने ते अधिक आवश्यक ठरते. दव सुकेपर्यंत थांबणे, मिश्रणाच्या आत तापमापक घालून पाहणे, संध्याकाळीही गोणपाट ओले ठेवणे, रात्री जागून सांधा कापणे आणि मजुरांना सुरक्षित जागी झोपविणे या पाच सवयी लागलेला विद्यार्थी कोणत्याही साइटवर उपयोगी पडतो. या सवयींना खर्च थोडा आहे, धीर मात्र पुष्कळ लागतो. जानेवारीत लिहिलेले नोंदवहीचे पान जुलैत पुन्हा उघडणारा विद्यार्थी तो धीर कशासाठी धरावयाचा, हे स्वतःच शिकतो.